कुणकेश्वरची भरती आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांसाठी असलेले कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या निकालांत उत्तीर्णांच्या टक्केवारीच्या बाबतीत वर्षानुवर्षे राज्यात पहिले येत आले आहे, आणि या यशामागे विद्यार्थ्यांची चिकाटी, शिक्षकांचे कष्ट आणि शिक्षणाला मान देणारी घरे आहेत, हे कोणी नाकारणार नाही. तरीही अकरावीत विज्ञान शाखेला गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच एका विषयाची धास्ती वाटू लागते, आणि तो विषय बहुधा भौतिकशास्त्र असतो. दहावीपर्यंत ज्या पद्धतीने अभ्यास करून उत्तम गुण मिळाले, म्हणजे धडा वाचणे, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारणे, गाईडमधील उत्तरे पाठ करणे आणि अपेक्षित प्रश्नसंच सोडवणे, तीच पद्धत येथे अधिक तास वापरूनही पुरी पडत नाही. अशा वेळी विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीला दोष देतो, पालक नवा क्लास शोधतात, आणि अभ्यासाच्या पद्धतीची तपासणी मात्र कोणी करत नाही.

वाचलेले पुन्हा वाचणे ही सर्वांत लोकप्रिय सवय असून ती फसवी का आहे, हे आता प्रयोगांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो वाचल्यानंतर मिटून ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले वाचन दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते आणि पुढच्या वर्षी त्याच विषयाची पाटी कोरी दिसते, या सार्वत्रिक अनुभवाचा उलगडा यातून होतो. ओळखीचा झालेला मजकूर समजला आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ओळखणे आणि पुस्तक मिटून स्वतः मांडता येणे यांत मोठे अंतर असते.

या भासाची दुसरी बाजू हार्वर्ड विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांत दिसून आली. लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा वर्गातच प्रश्नांशी झटणारे विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, मात्र आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. अडखळणे हे शिकत असल्याचे लक्षण असू शकते, ही गोष्ट ज्या घरात मुलाला अडलेले पाहून लगेच उत्तर सांगितले जाते तेथे मुद्दाम ध्यानात घ्यायला हवी.

पाठांतराला सरसकट नावे ठेवण्याचेही कारण नाही. सूत्रे, एकके आणि स्थिरांक तोंडपाठ असणे सोयीचेच असते, आणि पाढ्यांवर वाढलेल्या मुलांना त्याचा फायदाही होतो. अडचण तेथे येते जेथे सूत्र हा विचाराचा शेवट मानला जातो. भौतिकशास्त्रातील सूत्र हे थोड्या गृहीतकांवरून काढलेले विधान असते, त्याला लागू पडण्याच्या मर्यादा असतात आणि त्यावरून भाकीत करता येते. ही तिन्ही अंगे ज्याला सांगता येतात त्याला ते सूत्र येते असे म्हणावे. असे शिकण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर येथे शिवमंदिर अगदी समुद्राला लागून आहे, आणि त्याच्या पायथ्याशी दररोज दोनदा चढणारे व उतरणारे पाणी हा या अभ्यासाचा उत्तम धडा होऊ शकतो.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा कोकण किनाऱ्यावर सर्वत्र प्रचलित आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती. हा ठोकताळा तोंडपाठ असलेला विद्यार्थी आणि तो तपासून पाहणारा विद्यार्थी यांच्यातील फरक हाच घोकंपट्टी आणि भौतिकशास्त्र यांच्यातील फरक आहे. तपासणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो असा, की हा पाऊण आला कोठून. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करीत असताना चंद्र त्याच दिशेने थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे चंद्र पुन्हा डोक्यावर यायला सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिथी ही सौर दिवसापेक्षा किंचित लहान असते, कारण सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासाचे तीस भाग पाडलेले असतात. मासभरात भरतीची वेळ पूर्ण २४ तासांनी सरकते, तेव्हा एका तिथीमागे २४ तासांचा तिसावा भाग, म्हणजे ४८ मिनिटे, येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी कोणा अनुभवी माणसाने तीन मिनिटे सोडून दिली आहेत.

दुसरा प्रश्न असा की ही सूट कोठे अडचणीची ठरते. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, ठोकताळ्यानुसार भरती सव्वाअकराला यायला हवी, पण अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही दिवशी सूर्य, पृथ्वी व चंद्र जवळपास एका रेषेत असल्यामुळे भरतीची वेळ दोन्ही दिवशी सारखीच असायला हवी, आणि हिशेबाच्या आरंभी अमावास्येची भरती तर बाराला धरलेली आहे. पाऊण तासाची ही तफावत पंधरा तिथींच्या तीन-तीन मिनिटांची बेरीज आहे. प्रत्यक्षात किनाऱ्याचा आकार, पाण्याची खोली आणि वारा यांमुळे एखाद्या गावी अमावास्येची भरती बाराच्या अलीकडे किंवा पलीकडे येते, म्हणून कुणकेश्वरच्या विद्यार्थ्याने आपल्या गावापुरती दुरुस्ती स्वतःच्या निरीक्षणांवरून काढावी. उद्याची वेळ आज लिहून ठेवावी, उद्या पाहावी, आणि चूक किती व कोणत्या दिशेने झाली याची नोंद करावी. पाहण्याआधी भाकीत करण्याची ही सवय साधी वाटते, पण तिच्यामुळे विद्यार्थ्याला स्वतःची समजूत चुकीची आहे हे कळण्याची संधी मिळते. आधी उत्तर पाहून मग मान डोलावणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत मोलाचा आहे. चंद्र एका बाजूला असताना भरती दोन्ही बाजूंना का येते? चंद्र पाणी ओढतो एवढे उत्तर पाठ केलेला विद्यार्थी येथे अडतो. चंद्राच्या बाजूच्या पाण्यावर चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त असते आणि विरुद्ध बाजूच्या पाण्यावर ते केंद्रापेक्षा कमी असते, त्यामुळे पृथ्वीच्या तुलनेत पाहिले तर एका बाजूचे पाणी चंद्राकडे पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूचे मागे राहते. भरतीला कारणीभूत होतो तो आकर्षणातील हा फरक. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, तर हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, हे अकरावीच्या बीजगणिताने कागदावर काढता येते. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आणि अंतर सुमारे ३९० पट आहे. वर्ग घेऊन भागले तर सूर्याचे पृथ्वीवरील आकर्षण चंद्राच्या सुमारे १७८ पट निघते, आणि घन घेऊन भागले तर सूर्याचा भरतीवरील परिणाम चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ०.४६ पट, निघतो. आकर्षणात कितीतरी पटींनी भारी असलेला सूर्य भरतीच्या बाबतीत चंद्रापुढे फिका पडतो, ही गोष्ट स्वतः भागाकार करून पाहणारा विद्यार्थी सहसा विसरत नाही.

त्याच भागाकारातून उधाण आणि भांग यांचाही हिशेब लागतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा परिणाम मिळून १.४६ होतो, तर अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र एकमेकांशी काटकोनात असल्याने तो ०.५४ उरतो, पहिल्याला उधाणाची भरती आणि दुसऱ्याला भांगाची भरती म्हणतात. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते आणि कुणकेश्वरच्या यात्रेत देवस्वाऱ्यांचे तीर्थस्नान लगतच्या अमावास्येला होते, तेव्हा या यात्रेला समुद्र नेहमीच उधाणाचा असणार हे पंचांगावरून सांगता येते. हिशेबाप्रमाणे उधाणाचा चढउतार भांगाच्या सुमारे २.७ पट हवा. किनाऱ्यावर तो नेमका तेवढा भरत नाही, आणि उधाणाचा कळसही अमावास्येनंतर एखाद-दोन दिवसांनी येतो. का, हा प्रश्न शिक्षकांना विचारण्यासारखा आहे.

पाठ्यपुस्तकातील सोडवलेले उदाहरण वाचतानाही असेच थांबत-थांबत जावे लागते. पिट्सबर्ग विद्यापीठातील मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यामिकीची सोडवलेली उदाहरणे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला सांगितले होते. पुढे गणिते चांगली सोडवू शकलेले विद्यार्थी वाचताना प्रत्येक पायरी स्वतःला समजावत होते आणि आपल्याला कोठे कळले नाही हे नेमके सांगत होते, तर कमी यशस्वी ठरलेल्यांना वाचताना बहुतेक सारे कळल्यासारखे वाटत होते. त्याआधी १९८१ साली ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी नवशिक्या व मुरलेल्या अभ्यासकांना भौतिकशास्त्रातील गणितांचे गट पाडायला दिले, तेव्हा नवशिक्यांनी उतरणीची गणिते एकत्र आणि स्प्रिंगची एकत्र ठेवली, म्हणजे चित्र पाहून गट पाडले. अभ्यासकांनी मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एका गटात आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी दुसऱ्या गटात घातली.

या दृष्टीने कुणकेश्वरच्या लाटाही पाहण्यासारख्या आहेत. खोल समुद्रात लाटा कोणत्याही दिशेने येत असल्या तरी वाळूवर पोहोचताना त्या जवळपास किनाऱ्याला समांतर झालेल्या दिसतात, कारण उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. चार मीटर खोलीवर तो सेकंदाला सुमारे ६.३ मीटर, तर एक मीटर खोलीवर सुमारे ३.१ मीटर असतो. लाटेचे जे टोक आधी उथळ पाण्यात शिरते ते मंदावते, उरलेली लाट पुढे येत राहते आणि लाटेची रेघ वळते. काचेच्या चिपेत शिरताना प्रकाश याच कारणाने वळतो. प्रकाशाचे अपवर्तन एका प्रकरणात आणि समुद्राच्या लाटा भूगोलाच्या पुस्तकात अशी विभागणी शाळेच्या सोयीची आहे, पण डोक्यात ती तशीच राहिली तर दोन्हीकडे एकच तत्त्व आहे हे कधी कळत नाही. म्हणून एका प्रकरणाची वीस गणिते सलग सोडवण्यापेक्षा चार प्रकरणांची पाच-पाच गणिते मिसळून, प्रकरणाचे नाव झाकून सोडवावीत. सलग सरावात कोणते तत्त्व वापरायचे हे आधीच ठाऊक असते, आणि परीक्षेत नेमके तेच ठरवायचे असते. रोज अर्ध्या तासाचा असा मिश्र सराव रविवारच्या सलग पाच तासांपेक्षा अधिक टिकतो.

ज्ञान मिळाले कसे, हे विचारण्याची सवय मात्र आपल्या शिक्षणात फार दुबळी आहे. त्याचे ठळक उदाहरण देवगड तालुक्यातच आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, आणि १८६८ साली नॉर्मन लॉकयर या शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले होते हे खरे, परंतु त्या वेळी ते पाहणारा पिएर झांसेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूर येथे होता आणि लॉकयर इंग्लंडात. लॉकयरने ग्रहणाची वाट न पाहता २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला, म्हणजे तेथील प्रकाश त्याच्या घटक रंगांत विभागून पाहिला, आणि त्यात एक पिवळी रेषा तपासली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजलेल्या तरंगलांबीला असतात, तर ही रेषा ५८७.६ जवळ होती. दीड नॅनोमीटरच्याही आतल्या या फरकावरून पृथ्वीवर तोवर न सापडलेल्या मूलद्रव्याचे अनुमान काढले गेले, आणि विल्यम रॅमसे याने १८९५ साली युरेनियमच्या एका खनिजातून तो वायू मिळवल्यावर ते सिद्ध झाले. लॉकयर विजयदुर्गाला आला होता हेही खोटे नाही. तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना मदतीला घेऊन. दोन ग्रहणे लोकस्मृतीत एकमेकांत मिसळली असावीत. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. उलट, कोणी काय पाहिले, कशावरून काय अनुमान काढले आणि त्याची खातरजमा कधी झाली, हे तीन प्रश्न प्रत्येक शोधाला विचारावेत हा धडा विजयदुर्ग जितका चांगला देतो तितका कोणतेही गाईड देत नाही.

प्रयोगाच्या बाबतीत स्थिती अधिक खेदजनक आहे. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या शंभर गुणांपैकी तीस प्रात्यक्षिकाचे असतात, आणि अनेक ठिकाणी जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवले जाते व रीडिंग उत्तराशी जुळवून लिहिली जातात. असे जर्नल देखणे असते, पण मोजमापातील चूक म्हणजे काय हे त्यातून शिकता येत नाही. घरी एक मीटर दोऱ्याला दगड बांधून लंबक करता येतो. त्याच्या एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. मोबाइलचे घड्याळ चालू-बंद करताना हाताची चूक ०.२ सेकंदाची धरली, तर एकच आंदोलन मोजणाऱ्याची वेळ दहा टक्क्यांनी आणि त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरण वीस टक्क्यांनी चुकू शकते. वीस आंदोलने सलग मोजली की तीच ०.२ सेकंदाची चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते, आणि गुरुत्वत्वरण सुमारे एक टक्क्याच्या आत मिळते. अर्थात दोऱ्याची लांबी दगडाच्या मध्यापर्यंत मोजायला हवी, आणि ती चुकली की उत्तर का बिघडते हे शोधणे हाच खरा प्रयोग.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत हे सारे इंग्रजीतून समोर येते, आणि भाषेचा हा अडसर क्षुल्लक नसतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेल्या आणि १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी विज्ञान शिकताना येणाऱ्या भाषेच्या अडचणींचा अभ्यास केला होता. विद्यार्थ्याने करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. नवी संकल्पना आधी स्वतःच्या मराठीत, जमल्यास मालवणीतही, धाकट्या भावंडाला कळेल अशी लिहावी, आणि मगच इंग्रजी व्याख्येशी ताडून पाहावी. आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने एकाच वेगाने चालणारा माणूस घामाघूम होतो, तरी त्याने पेटीवर लावलेल्या वरच्या दिशेच्या बलाने कार्य होत नाही, हे विधान ज्याला आपल्या भाषेत पटवून देता येते त्याला इंग्रजी प्रश्नपत्रिकेची भीती वाटण्याचे कारण उरत नाही.

सोबत अभ्यास करणेही उपयोगी असते, पण एकाने सोडवायचे आणि बाकीच्यांनी उतरवायचे असा तो नसावा. हार्वर्डमधील एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात वापरलेल्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर ठरवतो, मग शेजाऱ्याला पटवण्याचा प्रयत्न करतो आणि त्यानंतर पुन्हा उत्तर देतो. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्यावर बल असते का, एवढा एक प्रश्न चार मित्रांत टाकून पाहावा. वेग शून्य म्हणून बलही शून्य असे म्हणणारा एक तरी निघतो, आणि त्याची समजूत घालताना उरलेल्यांचे न्यूटनचे नियम पक्के होतात.

असे विचार करायला लावणारे प्रश्न आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्येही सापडतात. या स्पर्धेत भारत १९९८ पासून भाग घेत आहे आणि २०१५ साली ती मुंबईत भरली होती. तिच्या पन्नास गुणांपैकी वीस गुण पाच तासांच्या प्रत्यक्ष प्रयोगाचे असतात. होमी भाभा केंद्र या स्पर्धेसाठी देशातील निवड परीक्षा घेते, आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सिंधुदुर्गातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी त्यांतील एक प्रश्न दर आठवड्याला फळ्यावर लिहावा, आणि त्याचे उत्तर पुढच्या आठवड्यापर्यंत कोणालाही सांगू नये.